ब्रुनो गेला, आता दुसरा आणावा का?

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ब्रुनो दोन महिन्यांपूर्वी गेला. तेरा वर्षांचा होता. किडन्या निकामी झाल्या, खाणं सुटलं आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला इंजेक्शन दिलं. आजार आधी कळला असता तर, असं सारखं वाटतं. प्राण गेला तरी त्याचे डोळे उघडेच होते. त्याला सगळं कळत होतं का, हा विचार डोक्यातून जात नाही. ह्यांचं म्हणणं, कुत्र्यासाठी इतकं रडतं का कुणी? शेजारच्या काकू म्हणतात, त्याने तुमच्या घरावरचं संकट अंगावर घेतलं. तिसरीतली लेक रोज पिल्लू मागते, तेही अगदी ब्रुनोसारखंच. परवा तिने विचारलं, आजीला बरं नसलं की तिलाही तसंच इंजेक्शन देणार का? सासूबाई म्हणतात, वर्षभर या घरात कुत्र्याचं नाव काढायचं नाही. ब्रुनो आला तेव्हा आम्ही सांगलीला बंगल्यात होतो, आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट नाही. दुसरा कुत्रा आणला तर ब्रुनोशी बेइमानी होईल का? आणायचाच तर कधी आणि कोणता?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टींचा गुंता झालाय. एक, जो गेला त्याचं दुःख. दोन, जो यायचाय त्याची निवड. लेकीला वाटतं, नवं पिल्लू आलं की दुःख संपेल. सासूबाईंना वाटतं, दुःख संपल्याशिवाय पिल्लू येऊ नये. दोघींचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण दोघीही दोन प्रश्नांना एकच धरून चालल्यात. आपण ते वेगळे करू. आधी ब्रुनो.

उघड्या डोळ्यांपासून सुरुवात करू, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली आहे. दयामरणाच्या इंजेक्शनात असतं ते भुलीच्याच जातीचं औषध, फक्त मात्रा फार मोठी. बहुतेक डॉक्टर त्याआधी गुंगीचं इंजेक्शन देतात. शिरेतून गेलेल्या औषधाचा अंमल आधी मेंदूवर होतो, म्हणून शुद्ध सर्वांत आधी हरपते. मग श्वास थांबतो आणि त्यामागून हृदय. पापणी मिटायला स्नायू आवळावा लागतो. अंगातले सगळे स्नायू सैल पडले की कुत्र्याचे डोळे उघडेच राहतात. कधी एखादा खोल उसासा येतो, पंजा थरथरतो, लघवी होते. पाहणाऱ्याच्या काळजात चर्र होतं, पण ही शुद्ध गेल्यानंतरची शरीराची आपोआप होणारी हालचाल असते. डोळे उघडे होते, तरी ब्रुनो पाहत नव्हता.

दुसरी टोचणी, आजार आधी कळायला हवा होता ही. किडन्यांमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त क्षमता राखीव असते. त्यामुळे साधारण दोन-तृतीयांश क्षमता जाईपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. मग कुत्रा जास्त पाणी प्यायला लागतो, रात्री लघवीसाठी उठवतो. आपण म्हणतो, उन्हाळा आहे. भूक मंदावते, तोंडाला वेगळाच वास येऊ लागतो, तेव्हा आपण दवाखाना गाठतो. तोवर आजाराने बराच पल्ला मारलेला असतो. रोज बरोबर राहणाऱ्या प्रेमळ माणसालाही तो नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही. यातून घ्यायचं ते एवढंच की पुढचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की दरवर्षी त्याची रक्त-लघवी तपासून घ्यायची.

'तेरा म्हणजे काय वय झालं का', असंही कुणीतरी म्हणालं असेलच. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे, पण तो खरा नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वयाबरोबर डीएनएवर काही रासायनिक खुणा उमटत जातात. त्यांनी लॅब्रॅडॉरांच्याच खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. त्यात दिसलं की कुत्रा पहिल्याच वर्षात माणसाच्या तिशीला पोचतो, चौथ्या वर्षी पन्नाशी ओलांडतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो. या हिशेबाने ब्रुनो सत्तरी पार केलेला गृहस्थ होता. लॅब्रॅडॉर साधारण १० ते १४ वर्षं जगतात. ब्रुनो आपलं आयुष्य पुरं जगून गेला.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. माणूस गेलं की लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, ऑफिसात रजा मिळते. कुत्रा गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची बस पकडावी लागते. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, अशा दुःखावर अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांचं पुस्तक १९८९ साली आलं. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण आहे. असं दुःख मोकळं करायला जागा मिळत नाही, म्हणून ते जास्त रेंगाळतं. शिवाय कुत्र्याचं नातं बोलण्यात नसतं, दिवसाच्या वेळापत्रकात असतं. सहाला दाराशी जाऊन पट्ट्याकडे बघणं, पोळ्या लाटताना ओट्याशी ठाण मांडून बसणं, बेल वाजण्याआधीच जिन्यातली चाहूल ओळखणं. एखादा जवळचा नातेवाईकही वर्षातून चार वेळा भेटतो. हा दिवसभर पायात घोटाळत असतो. म्हणून तो गेल्यावर दिवसाचा जवळजवळ प्रत्येक तास अडखळतो. त्यावर एक साधा उपाय आहे. सकाळचं फिरणं बंद करू नका, आणि एक-दोन दिवस ह्यांनाही बरोबर न्या. मात्र झोप, जेवण किंवा काम यांची घडी अजूनही बसत नसेल, तर समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोलायला संकोच नको.

काकूंचा हेतू चांगला आहे, आणि घरावरचं गंडांतर मुक्या जनावराने झेललं, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. मोठ्यांना तिचा थोडा आधार वाटतो. लहान मूल मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढतं: तो आपल्याऐवजी गेला, म्हणजे आपल्यामुळे गेला. ब्रुनो किडनीच्या आजाराने गेला, एवढंच घरात एका सुरात सांगा.

लेकीचा इंजेक्शनचा प्रश्न याच वाटेने आलाय. ती आठेक वर्षांची असेल. या वयापर्यंत बहुतेक मुलांना मेलेलं परत येत नाही हे समजतं. अडचण मोठ्यांच्या गोलमोल बोलण्याची असते. 'त्याला बरं नव्हतं, म्हणून इंजेक्शन देऊन झोपवलं' असं कानावर पडलं की मूल सरळ हिशेब करतं: आजीलाही बरं नसतं, मलाही ताप येतो, आम्हालाही इंजेक्शन देतात. तिला नीट सांगा. त्याचा आजार बरा होणारा नव्हता. त्याला दुखत होतं. असं औषध फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आणि प्राण्यांसाठीच असतं. आपल्याला ताप आला की देतात ते बरं होण्याचं. हे दोन-चारदा सांगावं लागेल, तेव्हा आजीलाही समोर बसवा. दोघींना उपयोग होईल.

आता दुसरा प्रश्न. नवा कुत्रा कधी आणायचा? सुतक भाऊबंदांचं असतं. कुत्र्याचं किती दिवस पाळायचं, हे कुठल्या पंचांगात दिलेलं नाही. वर्ष हा आकडा सासूबाईंच्या मनातला आहे, त्याला आधार काही नाही. तसाच 'लगेच आणा, म्हणजे विसरायला होईल' या सल्ल्यालाही नाही. मुदतीऐवजी एक कसोटी लावा. नवा कुत्रा घरात वावरतोय अशी कल्पना करा. डोळ्यांपुढे ब्रुनोच येत असेल, त्याचीच बसायची जागा, त्याच्याच खोड्या, तर अजून थांबा. कारण मग जो येईल त्याला रोज ब्रुनोची परीक्षा द्यावी लागेल आणि तो रोज नापास होईल. येणारा कसा असेल याचं नुसतं कुतूहल वाटू लागलं की वेळ झाली. बेइमानीचं म्हणाल, तर ती दुसरा आणण्यात नाही. दुसऱ्याकडून पहिला होण्याची अपेक्षा करण्यात दोघांवरही अन्याय आहे.

एक कारण मात्र खरंच थांबायला लावणारं असतं, ते इतर वाचकांसाठी सांगतो. आधीचं पिल्लू पार्वोने गेलं असेल, तर त्याचा विषाणू फरशीच्या सांध्यांत, अंगणातल्या मातीत महिनोन्महिने, कधी वर्षभरही तग धरतो. नेहमीच्या फिनेलला तो दाद देत नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं. अशा घरात लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आणणं म्हणजे तोच प्रसंग पुन्हा ओढवून घेणं. तुमच्याकडे ही अडचण नाही. फक्त ब्रुनोची किडनी लेप्टोस्पायरोसिसने बिघडली नव्हती ना, एवढं डॉक्टरांना विचारून घ्या. उंदरांच्या लघवीतून पसरणारा हा रोग माणसालाही होतो.

मग कोणता? इथे लेकीची 'अगदी ब्रुनोसारखाच' ही अट बाजूला ठेवावी लागेल, कारण ब्रुनो ज्या घरात आला ते घर आता राहिलेलं नाही. तेव्हा अंगण होतं, जिना चढायचा नव्हता, लेक जन्मलेली नव्हती आणि सासूबाईंचे गुडघे तेरा वर्षांनी तरुण होते. नवा कुत्रा आजच्या घरासाठी निवडायचा, आणि थोडा पुढच्या घरासाठीही. त्यासाठी कागद घेऊन घरातल्या प्रत्येकाच्या वयात बारा मिळवा. लेक वीस वर्षांची, बहुधा शिकायला बाहेरगावी. तुम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे. सासूबाई आणखी थकलेल्या. आणि कुत्रा म्हातारा, सांधे धरलेला, तीन जिने उतरू न शकणारा. लॅब्रॅडॉरचं वजन साधारण २५ ते ३५ किलो. ब्रुनोला शेवटच्या दिवसांत खाली कुणी आणि कसं नेलं, ते आठवा. अर्धा निर्णय तिथेच होईल.

'पण लॅब्रॅडॉर स्वभावाने गरीब असतो, त्यामुळे निर्धास्त', असं तुम्ही म्हणाल. जातीवरून स्वभाव सांगता येतो, हा समज फार पक्का आहे. 'सायन्स' नियतकालिकात २०२२ साली आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या वागण्याची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे डीएनए तपासले होते. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जो फरक दिसला, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीने समजावता आला. बाकीचं वाढवण्यात, अनुभवात आणि ज्याच्या-त्याच्या घडणीत होतं. जातीवरून भरवशाने कळतं ते शरीर: आकार, केस, नाक, आणि कोणते आजार मागे लागण्याची शक्यता आहे ते.

आणि आपल्या हवेत शरीराचाच प्रश्न मोठा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून, जिभेवरची आणि श्वासमार्गातली ओल उडवून. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यात हा मार्गच आखूड आणि अडलेला असतो. मोबाइलच्या जाहिरातीतला पग सगळ्यांना आवडला, पण एप्रिलच्या दुपारी त्याची होणारी घुसमट जाहिरातीत दिसत नव्हती. हस्की आणि सेंट बर्नार्ड हे बर्फातले. पुण्यात त्यांना पाळायचं म्हणजे एसी त्यांच्यासाठी चालू ठेवायचा. कोणताही कुत्रा आणा, उन्हाळ्यात बाहेर नेण्याआधी हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून बघा. तुम्हाला पाच-सात सेकंद सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

'मग मुधोळ आणू, तो आपल्याकडचाच', असं कुणी सुचवेल. मुधोळ किंवा कारवानी हा खरोखर देखणा कुत्रा. २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. पण त्याची घडण सशामागे माळरान तुडवण्यासाठी झालेली आहे. शेतावर राहणाऱ्यांनी जरूर पाळावा. दोन खोल्या आणि गॅलरी त्याला पुरणार नाहीत.

तुमच्या घराला माझ्या मते आपला देशी कुत्रा योग्य, ज्याला आपण गावठी म्हणून नाक मुरडतो. साधारण १५ ते २० किलो वजन, आखूड केस, मोकळं नाक आणि इथल्या उन्हाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तो घरात रुळत नाही, ही समजूत रस्त्यावर दगड खाऊन मोठ्या झालेल्या कुत्र्यांवरून झालेली आहे. दगड खाल्ले तर लॅब्रॅडॉरही दातच दाखवेल.

त्यातही पिल्लाऐवजी दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा विचार करा. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास लघवी धरतं, रात्रीसुद्धा. तिसऱ्या मजल्यावरून त्याला सारखं खाली कोण नेणार? शिवाय ते पायात येणार, आणि सासूबाईंचे गुडघे त्यासाठी तयार नाहीत. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो: मुलांत कसा वागतो, फटाक्यांना किती घाबरतो, पट्टा किती ओढतो. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेत किंवा तात्पुरता सांभाळ करणाऱ्या घरी जाऊन हे सगळं विचारता येतं. मोठा कुत्रा जीव लावत नाही, हाही गैरसमज. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ साली निवारा केंद्रातल्या प्रौढ कुत्र्यांना अनोळखी माणसाशी अगदी थोड्या वेळा, थोडा-थोडा वेळ भेटवलं. तेवढ्यातच ते त्या माणसाला आपलं माणूस मानू लागल्याची लक्षणं दिसली.

लेकीपुढे कुणाचं चालत नसेल आणि पिल्लूच आणायचं ठरलं, तर ते आठ आठवड्यांच्या आत उचलू नका. लवकर आणलं की लळा जास्त लागतो, असं विकणारे सांगतात. खरं तर आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, आणि त्याला कारणही आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्यातला पहिला भाग आई आणि भावंडांसाठी असतो. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. किती चावायचं, हे ते तिथे शिकतं. लवकर उचललेल्या पिल्लाला तोच धडा तुमच्या लेकीच्या हातावर गिरवावा लागतो.

बघायला जाल तेव्हा पिल्लाआधी आई बघा. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथूनच मागे फिरा. पोटाचा नगारा आणि वर बरगड्या दिसत असतील, तर जंत आहेत. शेपटीखालचे केस चिकटलेले असतील, तर जुलाब झालेत. हिरड्या गुलाबी हव्यात. किल्ल्यांचा जुडगा थोड्या अंतरावर जमिनीवर टाका. दचकून मागे सरलेलं पिल्लू थोड्या वेळाने वास घ्यायला पुढे आलं, तर चांगलं लक्षण. अर्थात तेवढ्यावरून त्याचा मोठेपणीचा स्वभाव सांगता येत नाही, एवढंच कळतं की ते भीतीच्या वातावरणात वाढलेलं नाही.

सोसायटीचं म्हणाल, तर बैठकीत ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असं केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि खाली नेल्यावर त्याची घाण उचलणं ही तुमची बाजू आहे. आणि 'मी सगळं करीन' हे लेकीचं वचन मनापासूनचं असलं, तरी ते तिमाही परीक्षेपर्यंतचं धरा. सकाळी सहाला जिना उतरणार कोण, ते मोठ्यांनी आधी ठरवायचं. कुणीच तयार नसेल, तर कुत्रा आणू नका. त्यातही काही कमीपणा नाही.

खाण्याबद्दल एकच. दूध-पोळीवर कुत्रा वाढतो हे अर्धं खरं. माणसाच्या सहवासात कुत्र्याला लांडग्यापेक्षा पिष्ट पदार्थ जास्त पचू लागले, हे २०१३ साली जनुकांवरून दिसून आलंय, त्यामुळे पोळी पचते. पण तेवढ्याने प्रथिनं पुरत नाहीत, आणि दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना जुलाब होतात. चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेलं उरलंसुरलं टाळा. तुम्ही सांगलीच्या, म्हणजे घरात बेदाण्याचा डबा असणारच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतात, तेव्हा डबा वरच्या फळीवर ठेवा. यावरून ब्रुनोचं काही जुळवत बसू नका. अशी विषबाधा झाली तर किडनी एक-दोन दिवसांत बिघडते आणि उलट्या लगेच सुरू होतात. या वयाच्या कुत्र्यात किडनी सहसा हळूहळू, महिनोन्महिने झिजत जाते.

ब्रुनोचा पट्टा आणि भांडं ठेवायचं की देऊन टाकायचं, हे तुम्हीच ठरवा. दोन्ही बरोबर आहे. नाव मात्र नव्याला नवंच द्या. ते ठरवताना लेक एक म्हणेल, ह्यांना दुसरं हवं असेल आणि सासूबाई, वर्षभराची बंदी घातलेली असूनही, तिसरं सुचवतील. असा वाद एखाद्या संध्याकाळी आपोआप सुरू झाला, की कुत्रा आणायला निघायला हरकत नाही.